तीच ओळ दुसऱ्यांदा

दाराची बेल वाजली की तुम्ही श्वास रोखता का हो? मी रोखते. मी मूळची धनकवडीची, आठ वर्षं गाणं शिकले, लग्न होऊन इथे डचांच्या देशात, आर्नहेमला आले ती सुहासच्या व्हिसावर, म्हणजे काय सांगू तुम्हाला, त्याची नोकरी आहे तोवर आमचं घर, आणि तीच गेली. तीन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर परत जा. सुहास म्हणाला, इथल्या मराठी मंडळात कुणाला बोलू नकोस. खालच्या मजल्यावर पुण्याचेच लोक, म्हणून तो रोज बॅग घेऊन सायकलवर निघायचा आणि लायब्ररीत बसायचा, आणि मी घरी पत्र पडल्याच्या आवाजालाही दचकायचे.

कोपऱ्यावरच्या कॅफेत रविवारी दुपारी ब्लूज असतं, फळ्यावर नाव लिहायचं आणि गायचं. तिथे बास गिटार वाजवणारे एक म्हातारे सुरिनामी, डचांच्या जुन्या वसाहतीतले, मी त्यांना काकाच म्हणते, ते सांगायचे, अमेरिकेत कापसाच्या शेतात राबवलेल्या काळ्या माणसांचं हे गाणं, एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डी गाजवल्या त्या बायकांनी, मालक, पूर, पळालेला नवरा, सगळं तोंडावर गाऊन. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा का गातात, मी विचारलं. तर म्हणाले, पहिल्यांदा लोक फक्त ग्लास खाली ठेवतात, ऐकतात दुसऱ्यांदा.

एकदा मीही नाव लिहिलं. उभी राहिले आणि सवयीने आलापच सुरू केला, त्यांचा बारा मापांचा फेरा, आपल्या आवर्तनासारखा, संपून दुसरा सुरू झाला तरी मी आपली निषादावरच, गिटारवाला छताकडे बघायला लागला. काका ओरडले, अगं मुली, शब्द कुठेत, लपतेस कशाला?

मग मराठीतच निघालं. नोकरी गेली, सांगू कुणाला. नोकरी गेली, सांगू कुणाला. आणि तिसऱ्या ओळीआधी मागच्या टेबलावर दिसल्या मंडळाच्या वैशालीताई. संपलं, म्हटलं. उद्या सगळ्या ग्रुपवर. तरी गायले, बेल वाजली की रोखते श्वासाला.

खाली उतरले तर ताईंनी हात घट्ट धरला. आमचीही गेली होती गं, गेल्या वर्षी. मीही तेव्हा कुणाला बोलले नाही, त्या म्हणाल्या.

आता तीन महिन्यांतले अठरा दिवस उरलेत. ताईंच्या ओळखीने सुहास उद्या ब्रेडा शहरात मुलाखतीला जातोय. भीती गेली नाही, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही एक करा. ओळखीचं कुणी गप्प गप्प झालं असेल, तर विचारा, कसं चाललंय. ते म्हणतील, मस्त. तुम्ही जाऊ नका, दुसऱ्यांदा विचारा.