थिएटर प्रिंट

दुकानदार : हा तुमचा, हाही तुमचा. हा मात्र दुसऱ्या कंपनीचा, त्याला हात लावायचा नाही. ठरलंय तसं.

वकीलबाई : ते मावशी सांगतील. आमच्या बाबांच्या कंपनीचे जुने सिनेमे त्यांनीच एडिट केलेत, म्हणून तर त्यांना आणलंय. त्या ‘आमचा’ म्हणाल्या की तो सिनेमा तुम्ही साइटवरून काढायचा आणि कॉम्प्युटरमधून पुसायचा. कॅसेट, सीडी जे असेल ते मोडायचं. मग आम्ही केस मागे घेऊ.

दुकानदार : मान्य आहे हो. पुढे मोबाइल दुरुस्तीची गिऱ्हाइकं ताटकळलीत. मला कोर्टात खेटे घालायला सवड कुठली!

एडिटरबाई : सवड नाही म्हणे. आमच्या सिनेमांच्या सीड्या फुटपाथवर मांडायला होती.

दुकानदार : तेव्हा तरुण होतो, ताई.

एडिटरबाई : आम्हीही होतो. शुक्रवारी आमचा सिनेमा लागायचा आणि शनिवारी तुमच्या टोपलीत यायचा. एकेक करत आमची एडिटिंगची टेबलं उठली. शेवटचं टेबल भंगारवाल्यानं नेलं, तेव्हा मला तुमच्यासारख्यांचे गळे दाबावेसे वाटले होते. खरं सांगते.

दुकानदार : दाबा की. पण सगळं घर सिनेमाला न्यायला परवडत नव्हतं, त्या लोकांना तुम्ही काय दिलंत? ‘परवडत नाही तर बघू नका’, इतकंच ना? आता तीच कंपनी घरोघरी मोबाइलवर सिनेमे द्यायला निघालीय. आम्ही केलं ती चोरी, तुम्ही केलं की धंदा.

वकीलबाई : मालकाने केलं की धंदाच असतो. आणि कायदा आता कडक झालाय. थिएटरात नुसता कॅमेरा चालू केला तरी तुरुंगवारी आहे. पुढचा लावा.

दुकानदार : लावतो. पण एक सांगू का, मॅडम? माझी साइट बंद केलीत तरी उद्या दुसऱ्या दहा उगवतील. कुत्र्याच्या छत्र्या त्या, उपटून संपत नाहीत.

वकीलबाई : आम्ही उपटत राहू. मावशी, हा बघा. किती तिरका आहे! खाली कुणाचं तरी डोकंही आलंय.

एडिटरबाई : थिएटर प्रिंट आहे ही. खुर्चीत बसून चोरून काढलेली. सिनेमा आमचाच, दोन बहिणींचा. पुसा.

दुकानदार : पुसतो. पण ताई, याला बघणारे फार आहेत हं. ते मला लिहितात, की बाकी सगळीकडे शेवटी गाणं आहे, तुमच्याकडेच नाही.

एडिटरबाई : गाणं नाही? गाणं कसं नसेल? पहिला शो सोडला तर सगळीकडे गाणं होतं.

दुकानदार : मग ही पहिल्या शोचीच. माझ्याच हातची आहे ना.

एडिटरबाई : शेवटाकडे न्या. अजून पुढे. हां, इथून.

वकीलबाई : कसली खरखर आहे! आवाज बंद करू का?

एडिटरबाई : राहू दे. हॉल ऐकू येतोय.

दुकानदार : खोकला ऐका. हे मूल रडलं. आणि ही कुरकुर माझ्या शेजारच्या खुर्चीची, पूर्ण सिनेमाभर छळलं तिनं.

एडिटरबाई : आता बघा. बहीण गेलीय, ही दवाखान्यातून एकटी घरी आलीय. दार लावते आणि जिन्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडते. आधी एका पायाच्या, मग दुसऱ्या पायाच्या. बाकी काही नाही.

(तिघं सीन शेवटपर्यंत बघतात.)

वकीलबाई : मध्येच आवाज गेला का हो?

दुकानदार : छे! हॉलचा पंखा ऐकू येत होता की. माणसांचाच येत नव्हता.

वकीलबाई : ते मूल?

दुकानदार : तेही गप्प झालं बहुतेक. आणि चित्र बघितलंत? इथंच कलंडलंय. कॅमेरा शर्टात लपवला होता, हातानं धरून ठेवलेला. मीच बघत बसलो आणि हात सुटला. एरवी माझं काम असं कच्चं नसायचं.

वकीलबाई : मावशी, पाणी देऊ?

एडिटरबाई : नको. हा सीन मी कापला, माहितीये तुला? रात्री पहिला शो चालू होता आणि मी टेबलावर पुढचं काम करत होते. तुझ्या बाबांचा फोन आला. म्हणाले, ‘हॉल मेलाय. टाळी नाही, शिट्टी नाही, कुणी हूं की चूं करत नाही. ती नाड्यावाली बाई काप आणि ते बाजूला ठेवलेलं गाणं घाल तिथं.’ दुसऱ्या दिवशी गाण्यासकट सिनेमा गेला.

वकीलबाई : आणि कापलेला तुकडा?

एडिटरबाई : गोदाम रिकामं केलंत तेव्हा कचऱ्यात गेला असेल. तुमच्याकडे आहे ती गाण्याचीच प्रत.

वकीलबाई : म्हणजे बाबा खोटं बोलले?

एडिटरबाई : दादा कशाला खोटं बोलतील! पहिल्या शोला ते कधी आत बसलेत? धीरच व्हायचा नाही त्यांना. बाहेर येरझारा घालायचे आणि दाराला कान लावायचे. टाळ्या ऐकू आल्या की पास. त्या दिवशी दाराबाहेर काहीच ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, सिनेमा पडला.

दुकानदार : अरेरे! आत येऊन बघायचं तरी.

एडिटरबाई : तुम्ही होतात ना आत. तुम्ही सांगायचं.

दुकानदार : मी कसा सांगणार, ताई? मी चोर.

एडिटरबाई : त्यानंतर मी सिनेमात कुणाला निवांत बसू दिलं नाही. सीन जरा लांबला की चालवली कात्री. लोक म्हणायचे, बाईंचा हात झटपट आहे. मला आपलं वाटायचं, आपल्याला माणसं कळत नाहीत. इतकी वर्षं तेच वाटायचं.

वकीलबाई : मावशी, आता हिचं काय करायचं? तुम्ही ‘आमचा’ म्हणालात. करारात पुसायचं असंच आहे.

दुकानदार : ताई, ‘आमचा नाही’ म्हणा. कंपनीच्या सिनेमात गाणं आहे, यात नाही. म्हणजे हा वेगळा. माझ्याकडे सुखानं राहील.

एडिटरबाई : मी कापायला शिकले, खोटं बोलायला नाही. सिनेमा आमचा आहे. आणि तुमच्या आडोशाला मला लपायचं नाही.

दुकानदार : मग पुसू?

एडिटरबाई : हात लावून बघा! पोरी, तू वकील आहेस ना? घरात चोरी झाली आणि चोराकडे आपलं भांडं सापडलं, तर पोलीस ते वितळवतात का?

वकीलबाई : नाही. मालकाला परत देतात.

एडिटरबाई : मग मालकीण तूच समोर बसलीयस. परत घे.

वकीलबाई : कंपनीने चोराकडून स्वतःचा सिनेमा घ्यायचा? असला तिरका, डोकं आलेला? बाकीचे भागीदार हसतील मला.

दुकानदार : मूळ कॅसेटपण आहे, मॅडम. त्यात आवाज जास्त साफ आहे. नुसतं ‘मिळाली’ असं लिहून द्या, चोरीची म्हणू नका.

वकीलबाई : ‘मिळाली’ काय! जप्त केली, असं लिहीन. कॅसेट आणा. मावशी, कंपनी हिचं पुढे काय करेल ते मी आज सांगू शकत नाही.

एडिटरबाई : कंपनीचं नंतर. आधी दादांकडे न्यायची. आजच.

वकीलबाई : बाबांना आता नीट ऐकू येत नाही हो. टीव्हीसुद्धा मोठ्यानं लावतो आम्ही.

एडिटरबाई : मग हेही मोठ्यानं लावू.

वकीलबाई : पण त्या सीनला काही आवाजच नाहीये, मावशी.

एडिटरबाई : हो. तेच मोठ्यानं लावू.