दाराला टेकवलेली कुंडी

हॅलो?… हां, बोल गं छोटे… नाही नाही, मोकळीच आहे, बोल… झालं का आजचं ट्रेनिंग?… अगं बाई, अजून दोन दिवस! काय एवढं शिकवतात तुम्हाला?… हो, मजेत आहे तुझी भिंगरी. तिला काय होणाराय… जेवली की. थोडंसंच… अगं, दिवसभर नाचली, दमली असेल…

पाण्यात? हो, सकाळी उतरली होती ना यांच्याबरोबर. दंडांना फुगे लावून… मग यांच्या ऑफिसची मंडळी आली जेवायला. घरात स्विमिंग पूल आहे म्हटल्यावर लोकांना आमचा भारी पुळका येतो बघ… हो ना! जाळीनं पानं कोण काढतं ते मात्र कुणी विचारत नाही…

काय?… हो, तिचाच आवाज. खोकतेय जरा… सर्दी असेल गं… नाही, ताप नाही… कुठली बाटली? निळ्या झाकणाची… आहे, तू दिलेल्या पिशवीतच आहे… अगं नको… नको म्हणते ना… हो, एक चमचा दिला की शांत झोपते, ठाऊक आहे, म्हणूनच नको! डॉक्टरांनी सांगितलंय, झोपेचं काही…

…

हो. डॉक्टर.

नाही, ऐक ना… अगं ऐक आधी… ती बरी आहे. इथे माझ्यासमोर सोफ्यावर बसलीय, हत्ती रंगवतेय. हे पहिलं ऐकून घे, बरी आहे… पडली होती… नाही, झोपाळ्यावरून नाही… पाण्यात.

छोटे?… आहेस ना?… खाली बस. आधी खाली बस बघू…

हो, काढली बाहेर. काढली… किती वेळ ते मला नाही गं सांगता येत, खोटं कशाला बोलू… शुद्धीत होती. खोकली, पाणी ओकली, मग भोकाड पसरलं. ते रडणं ऐकलं आणि मी तिला टॉवेलात गुंडाळलं… हो, हो, तशीच उचलून हॉस्पिटलात नेली. छाती तपासली, बोटाला ते चिमट्यासारखं लावलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मग म्हणाले, घरी न्या, पण श्वासाकडे लक्ष ठेवा, जरा वेगळं वाटलं तर लगेच परत आणा… जागणार आहे मी. हलणार नाही तिच्यापासून.

कुंपण?… आहे ना पूलभोवती कुंपण… दारही आहे. आपोआप मिटतं ते… मिटतंच गं, पण आज जरा उघडं राहिलं. पाहुणे सारखे आत-बाहेर, कुणाच्या हातात ग्लास, कुणाच्या हातात टॉवेल… आता त्यातल्या कुणी उघडं टाकलं, मी काय सांगणार…

ओरडू नकोस… सांगते… सांगते ना… मी.

मी उघडं ठेवलं. पाहुण्यांचं नाव कशाला घेऊ. माझ्या दोन्ही हातांत ताटं, आणि ते मेलं दार दर खेपेला मागून टाचेवर आपटत होतं. म्हणून कुंडी टेकवली. ती मोठी, जास्वंदीची… हो. तूच हट्टानं बसवायला लावलं होतंस ते दार. विसरेन कशी? तेव्हा मीच हसले होते तुला. म्हटलं होतं, हिचं तोंड भाजलेलं नसतानाच ही ताक फुंकून पिते… हो, सगळ्यांसमोर. आठवतंय.

फुगे?… काढले होते. पोहणं झालं, कपडे बदलले, आता कशाला फुगे म्हणून… सगळी सावलीत जेवायला बसली. मी म्हटलं, 'अरे, कुणीतरी बघा हिच्याकडे,' आणि बर्फ आणायला आत गेले… कुणीतरी म्हणजे कोण… तेच गं. तेच. याला वाटलं तो बघतोय, त्याला वाटलं ही बघतेय. माणसांनी अंगण भरलं होतं आणि पोरीकडे एकाचंही लक्ष नव्हतं… पाण्यात एक रबरी बदक राहिलं होतं तरंगत. त्याच्या मागे गेली असणार.

नाही! आवाजच आला नाही, तेच तर सांगतेय… मला आपलं वाटायचं, पडलंच मूल तर ओरडेल, हातपाय आपटेल, आपण धावू. कसलं काय! ना ओरडली, ना पाणी उडालं. इकडे खुर्च्यांवर हसणं-खिदळणं चाललंय आणि हातभर अंतरावर…

सासूबाईंनी बघितलं… हो, त्यांनीच. त्यांना ऐकू येत नाही, गप्पांत त्यांना कुणी धरत नाही, म्हणून बसतात चहूकडे बघत. आम्ही आपसांत चेष्टा करतो, म्हातारी नुसती टकामका बघते म्हणून… काठी फेकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी शिरल्या पाण्यात… उथळ बाजू होती. त्यांच्या कमरेइतकं पाणी… हो गं, कमरेइतकंच. पण तेवढ्यात आपली भिंगरी…

हे म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मला नाही म्हणवत तसं. काळ-वेळ काही नाही, कुंडी होती, आणि ती मी ठेवली होती.

बोल. काय वाट्टेल ते बोल मला… हो… हो, वाटते लाज… मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

फोन?… नाही केला… हॉस्पिटलात नर्स विचारत होती, मुलीची आई कुठाय? मी म्हटलं, फोन लागत नाहीये तिचा… नाही, लावलाच नव्हता. हातात घेऊन बसले होते नुसती… सांगणार होते गं. उद्या… म्हणजे तू आलीस की… समोरासमोर…

खरं सांगू? नसतं सांगितलं.

थांब, ठेवू नकोस! अजून एक आहे… नाही, तिला नाही काही झालं, मीच… याहून वाईट आहे ते… परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, 'आईला सांगायचं नाही हं, हे आपलं गुपित.' आइस्क्रीमही घेऊन दिलं वर… हो. चार वर्षांच्या पोरीला… हो, मीच ती. आईपासून काही लपवायचं नाही म्हणून लहानपणी तुझा कान पिळायचे, तीच ताई.

देते… देते तिला. थांब.

भिंगरे, इकडे ये राणी. आईचा फोन आहे. दुपारचं सगळं सांग आईला. मावशी नाही रागावणार… अगं, खरंच सांग. घे, दोन्ही हातांनी धर.

हॅलो आई… मी ना, हत्ती रंगवला. निळा… नाही… नाही पडले… मी पाण्यात गेलेच नव्हते… काहीच नाही झालं… नाही, मावशी काहीच नाही म्हणाली… आई, खरंच काही नाही झालं… तू रडतेस?… मावशी पण रडतेय… हो, देते.

हं… ऐकलं. मी इथेच बसलेय, सगळं ऐकलं… नीघ. आत्ताच नीघ… नाही, मी कशाला अडवू… हो, घेऊन जा तिला, पिशवी भरून ठेवते… छोटे, तू येईपर्यंत मी सांगते तिला समजावून… हजारदा सांगते, की आईला सगळं सांगायचं… अगं, ऐकेल ती माझं! आत्ता ऐकलंच ना तिनं माझं… हॅलो?…

छोटे?… हॅलो?…