हाताचा ठोका

जालन्याच्या दवाखान्यात दैवशाला आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. डॉक्टरांच्या खोलीतून भोकरदनचे सुतार चांदपाशा बाहेर आले आणि तिच्या शेजारच्या बाकावर मटकन बसले. सोबत आलेल्या रामरावांनी लगेच विचारलं,

“काय म्हणले डॉक्टर?”

“भाऊ, करंगळी अन् शेजारचं बोट गार पडून राह्यलं ते थंडीनं न्हाई. तळहाताच्या कडेची नस ठेचली, आत रक्ताची गाठ झाली.”

“कशानं ठेचली? पडल्ता का कुठं?”

“चौकटीचा सांधा बसवताना मी हातोडा घेतो का? याच तळहातानं ठोकतो. तीस वर्षं झाली.”

“अरे, हातोड्यानं लाकडाला वळ उठतो म्हणून! तुझं काम त्यासाठीच तर नावाजलेलं हाय.”

“डॉक्टरनं हात दाबून पहिला सवाल हाच केला, काय ठोकता म्हणून. माझं डोकंच बंद पडलं.”

“गोळ्यानं बरं व्हईल ना?”

“व्हईल म्हणले, पर हाताचं ठोकणं बिलकुल बंद. भाऊ, हे ठोकणं मला अब्बांनी शिकवलं.”

“मंग?”

“त्यांची हीच दोन बोटं काळी पडून झडली.”

“ती तर शुगरनं.”

“तपासली व्हती कुणी? बोटं काळी पडली म्हणजे शुगरच, असं आपणच ठरवलं.”

दैवशालाचा नंबर पुकारला, तरी तिला उठवेना.

“मरायच्या दिवशी त्यांनी गोड चहा मागितल्ता, भाऊ. मीच न्हाई दिला.”