सत्तावीस तारे

(डोळ्यांच्या दवाखान्याबाहेरचा बाक. दुपारचे चार. सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत थेंब घातले आहेत. अर्धा तास डोळे मिटून बसायचं आहे.)

मुलगी : आता उघडू?

आई : नाही. अजून एकदा थेंब घालायचेत.

मुलगी : थेंब घशात आले, आई. कडू लागतायत. डोळ्यातून घशात रस्ता असतो?

आई : असतो बारीकसा.

मुलगी : म्हणजे रडलं की आपण ते पितो?

आई : थोडं पितो.

मुलगी : हे मला कुणी सांगितलंच नाही. बाबा कुठे गेला?

आई : फॉर्म आणायला. खिडकीवर रांग आहे.

मुलगी : मघाशी आत डॉक्टरकाकांनी विचारलं ना, रात्री तारे दिसतात का. मी हो म्हटलं.

आई : ऐकलं मी.

मुलगी : मी डोळे मिटलेत, म्हणजे तू रागावलीस तरी मला दिसणार नाही. एक सांगू?

आई : सांग.

मुलगी : आधी तू सांग. तारे हा खेळच असतो ना?

आई : खेळ कसला?

मुलगी : मोठ्या माणसांचा. सगळे वर बघतात आणि 'कित्ती!' म्हणतात. मग कुणीतरी बोट दाखवतं, तो बघ, तो बघ. मग सगळ्यांनी 'हो, हो' म्हणायचं. जो नाही म्हणेल तो आउट. मी एकदाही आउट झाले नाही.

आई : ठमे, तुला वर काय दिसतं?

मुलगी : काळं. चंद्र असला तर चंद्र. तो खरा आहे.

आई : आणि बाबाबरोबर मोजतेस ते सत्तावीस?

मुलगी : बाबा मोठ्यानं मोजतो. मी त्याच्या मागून म्हणते. तो थांबला की मी थांबते. एकदा मी पुढे अठ्ठावीस म्हटलं, तर केवढा खूश झाला! म्हणाला, माझ्या नजरेतून सुटला, पोरीची नजर बघा. आई, तुझा पाय का हलतोय? सगळा बाक हलतोय.

आई : असाच. बस गप्प जरा.

मुलगी : रागावलीस?

आई : नाही गं राणी. तारे खरे असतात.

मुलगी : खरे म्हणजे? चंद्रासारखे?

आई : हो. बारीक बारीक. काळ्या कापडाला टाचणीनं भोकं पाडावीत आणि मागे दिवा धरावा, तसे.

मुलगी : इस्त्रीवाल्या काकांना पण दिसतात?

आई : दिसतात.

मुलगी : त्या शेजारच्या रडक्या बाळाला?

आई : त्यालाही दिसत असतील.

मुलगी : रोज असतात? आणि सगळे जण त्यांच्याखालून नुसती भाजी घेऊन घरी जातात?

आई : हो.

मुलगी : मी तर कधीच घरी गेले नसते. मग आई, मला एकटीलाच का आउट केलं? आई? तू उठून गेलीस का?

आई : इथेच आहे. बाबा आला बघ.

बाबा : काय खलबतं चाललीत मायलेकींची? त्या खिडकीवरचं पेन दोरीनं बांधलंय. म्हटलं, साहेब, आमच्या कारखान्यात लेथ मशीनसुद्धा मोकळं असतं. शेवटी माझंच काढलं. अठरा नंबर आपला, सतरावा आत गेलाय. चल, पटपट भरू. वय सात. वजन?

आई : एकोणीस किलो.

बाबा : चष्मा नाही. पडणं, धडपडणं? याला रकाना पुरायचा नाही. परवाचं दुधाचं पातेलं धरून लिहू का, ठमाबाई? धांदरटपणा म्हणून आजार असेल तर तो आहे.

मुलगी : पातेलं मध्ये ठेवलं होतं कुणीतरी.

बाबा : पातेलं होतं तिथेच होतं. तूच विमानासारखी आलीस. बरं, पुढे. आई-वडिलांच्या घरात कुणाला नजरेचा आजार? आमच्याकडे नाही. आजोबा नव्वदीत सुईत दोरा ओवायचे. तुमच्याकडे नाही. नाही लिहितो.

आई : लिहू नका.

बाबा : का? एकच रकाना राहिलाय.

आई : माझ्या भावाला आहे.

बाबा : त्याला काय? चांगला धडधाकट आहे की. माज सोडला तर.

आई : माज नाहीये त्याला. रातांधळा आहे तो. लहानपणापासून.

बाबा : काय बोलतेस?

आई : आपल्या लग्नात संध्याकाळी खुर्चीवरून उठला नाही, तुम्ही हात पुढे केलात तो धरला नाही. दहा वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगताय, मेहुण्याला गर्व फार. त्याला तुमचा हात दिसलाच नव्हता. आधी अंधारातलं दिसेना, मग कडेचं दिसेना. आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं. तेही किती दिवस, माहीत नाही.

बाबा : आणि हे तू मला आज, या बाकावर सांगतेस?

आई : लग्नाआधी माझ्या आईनं स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. म्हणाली, कळलं तर तुला कुणी करून घेणार नाही. नंतर वाटायला लागलं, तोंडातून काढलं नाही तर होणारही नाही.

बाबा : हिला काही झालेलं नाही. शाळेतल्या बाईंना फळ्यावरचं काहीतरी वाटलं म्हणून आलोय आपण. तारे मोजते ती. सत्तावीस.

आई : तुम्ही मोजता. ती मागून म्हणते.

बाबा : ठमे?

मुलगी : सॉरी बाबा. अठ्ठाविसावा पण मी असाच म्हटला होता.

आई : जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग मी लावला. तुम्ही म्हणालात, हौस बघा बाईची. संध्याकाळनंतर तिला एकटीला कधी खाली सोडलं नाही. दिवे चालू राहतात म्हणून तुम्ही ओरडता, ते मीच चालू ठेवते.

बाबा : म्हणजे किती दिवस माहितीये तुला?

आई : चार वर्षांची असल्यापासून संशय आहे. चपला पायानं चाचपायची.

बाबा : तीन वर्षं.

आई : हो.

बाबा : परवा दिवे गेले होते. हिनं पातेलं लाथाडलं, आणि मी हिच्या पाठीत धपाटा घातला. दोन घातले. तू दारात उभी होतीस.

आई : होते.

बाबा : नुसतं एवढं म्हणायचं होतंस, मारू नका, तिला दिसत नाही.

आई : तोंड उघडलं होतं मी. शब्द आला नाही.

बाबा : मी विचारलंसुद्धा, डोळे फुटलेत का तुझे. असं विचारलं मी तिला.

मुलगी : बाबा, मला फार नव्हतं लागलं.

बाबा : तू गप्प बस गं. नाही, नाही, ओरडत नाहीये. डोळे मिटून ठेव.

आई : मला काय हवं ते बोला. घरी गेल्यावर बोला, आयुष्यभर बोला. पण त्या रकान्यात नाही लिहू नका. भावाला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पाच वर्षं आधी आणायला हवं होतं. आम्ही तिथेही नाहीच लिहिलं होतं. माझ्या मामांना होतं, तरी.

बाबा : मामांनापण?

आई : मामांनापण.

बाबा : यावर औषध आहे?

आई : तेव्हा नव्हतं. आता मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही कुणाला. विचारलं असतं तर कळलं असतं.

बाबा : हे पेन धर. माझ्यानं लिहवत नाही.

आई : माझाही हात चालत नाहीये.

मुलगी : सतरा नंबरच्या आजी बाहेर आल्या.

बाबा : तुला कसं कळलं? डोळे मिटलेत ना?

मुलगी : त्यांची काठी वाजते. आता आपला नंबर.

बाबा : हो. चल, हात दे. इथे पायरी आहे, एक. पाय उचल.

मुलगी : आई येत नाहीये?

बाबा : येणार. आत बोलायचं तिलाच आहे.