मामाची साक्ष

माझ्या लग्नाचा विचका केला तो माझ्या सख्ख्या मामाने. कॉलेज सोडल्यापासून मी कल्याणभर सांगत फिरायचो, भटजीसमोर बसणार नाही म्हणजे नाही. म्हणून मामेबहिणीशी लग्न ठाण्याच्या विवाह नोंदणी कचेरीत, १९५४च्या नव्या विशेष विवाह कायद्याने ठरवलेलं. महिनाभर नोटीस लागली, कोणाची हरकत नाही. सह्यांच्या दिवशी साहेबांनी साक्षीला आलेल्या मामाला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मुलीचा बाप. आणि मुलाचा सख्खा मामा!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मामेबहीण या कायद्यात चालत नाही."

"आमच्यात तर पिढ्यान्‌पिढ्या चालते की!"

"मग तुमच्या पद्धतीने करा. भटजी बोलवा."

बाहेर येताच मामा गालात हसला. "कधीच बोलावलाय रे. परवाचा मुहूर्त आहे."

तिसऱ्या दिवशी मी जानवं घालून सगळ्या कल्याणासमोर भटजीच्या पाया पडलो.