घाटावरचा घोडेस्वार

इंदापूरच्या स्टँडवर पुण्याच्या एस.टी.च्या रांगेत माझ्यापुढं दोघी बायका बोलत होत्या.

"धोंडाबाई, एकट्याच पुन्याला?"

"त्या इतिहासवाल्या साहेबाला गाठायचंय. आमच्या घाटावरचा घोडेस्वार कोरलेला दगड न्यायला आलता."

"ज्याच्या पाठीवर तुमी धुनं धुता?"

"त्योच. पाचशे वर्सांचा हाय म्हनं."

"मग दिला?"

"कशाला देतीया? साहेब चहाला गेला तवर शेंदूर फासला. म्हनलं, ह्यो आमचा देव हाय. पाया पडून गेला बिचारा."

"झ्याक झालं की!"

"कशाचं झ्याक! आता सासूबाई तितं रोज नारळ फोडत्यात. धुन्याची बादलीसुदिक टेकू देत न्हाईत."

"मग साहेबाला काय सांगनार?"

"देव घिऊन जा, पर धुन्याजोगा दुसरा दगड आनून दे."