खोबरेल घातलेलं घड्याळ

घड्याळात खोबरेल घालू नका रे! आमचे बाबा घालायचे. गावात घड्याळ तेवढं एकच, आणि त्याला हात लावायची दुसऱ्या कोणाची टाप नव्हती. थोरल्या अक्काची जन्मवेळ त्यावरच पाहिलेली. पत्रिकेत मंगळ निघाला. स्थळं परत गेली, शेवटी पूर्णगडच्या म्हाताऱ्या बिजवराला दिली. वर्षातच विधवा होऊन परत आली.

त्याच थंडीत बाबा स्टुलावर उभं राहून घड्याळ उघडत होते. अक्का खालून म्हणाली, "तेल थिजलंय सगळं. मागं पडत असेल."

"दर थंडीत पडतं अर्धा-पाऊण तास. ऊन तापलं की होतं सुरळीत."

अक्का म्हणाली, "बाबा, मी पौषातली ना?"

बाबांना आम्ही धरून खाली उतरवलं.